माझगावची सेंट मेरीज आणि तिचे जर्मन फादर

इंग्रजी माध्यमाची जुनी मिशनरी शाळा म्हटली की ती इंग्रजांनीच काढली असणार, असं आपण धरून चालतो. माझे वडील माझगाव डॉकमध्ये फिटर होते. त्यांनी मला सेंट मेरीजमध्ये घातलं ते ‘साहेबाची शाळा’ म्हणूनच. पण १८६४ साली ही शाळा सुरू झाली तेव्हा मुंबईच्या कॅथलिकांचे बिशप होते वॉल्टर स्टाइन्स, आणि ते डच होते. ज्या येशूसंघी (जेझुइट) फादरांनी ती चालवली, त्यांचं मिशन जर्मन होतं. राज्यकर्ते प्रोटेस्टंट, हे कॅथलिक. साहेबाशी त्यांचं नातं कामापुरतं होतं, आणि पुढे ते तुटलंच.

हे जर्मन इथे आले कसे? मुंबईच्या कॅथलिकांचा कारभार आधी कॅपुचिन संघाकडे होता. त्यांचे स्विस बिशप अनास्तासियस हार्टमन यांना शाळांची तळमळ होती आणि शिकवणारे हात कमी होते. म्हणून त्यांनी येशूसंघाची मदत मागितली. १८५८मध्ये मिशन जर्मन येशूसंघीयांकडे आलं आणि कामाचा झपाटा सुरू झाला. १८६३ला वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस, पुढच्या वर्षी आमची शाळा, १८६७ला पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स, १८६९ला धोबीतलावचं सेंट झेवियर्स. मग १८७२मध्ये बिस्मार्कच्या सरकारने येशूसंघाला जर्मनीतूनच हद्दपार केलं. मायदेशात ज्यांना थारा उरला नाही, ते मुंबईत वर्ग घेत होते. हा तपशील मला शाळेत असताना कुणी सांगितला असता, तर इतिहासाच्या तासाला मी जास्त मन लावून बसलो असतो.

शाळेपासून थोड्याच अंतरावर म्हातारपाखाडी आहे. लाकडी जिने आणि सज्जे असलेल्या घरांचं, ईस्ट इंडियन लोकांचं जुनं गावठाण. हे इथलेच मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक. कचेऱ्यांत नोकरी हवी तर इंग्रजी यायला हवं, हे त्यांनी लवकर ओळखलं होतं. याच पाखाडीत, शाळा सुरू झाली त्याच १८६४ साली, जोसेफ बाप्टिस्टा जन्मले. वडील मूळचे उत्तनचे. जोसेफ सेंट मेरीजमध्ये शिकले, मग पुण्याला इंजिनिअरिंग, काही काळ जंगल खात्यात नोकरी, नंतर केंब्रिज आणि बॅरिस्टरी. परत आले ते टिळकांचे सहकारी झाले, आणि लोकांनी त्यांना ‘काका’ केलं. १९१६मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. १९२०मध्ये आयटक ही कामगार संघटना उभी करणाऱ्यांत ते होते, १९२५मध्ये मुंबईचे महापौर झाले. माझ्या मते या शाळेचा सगळ्यात मोठा विद्यार्थी हाच. डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ भंडारवाडा टेकडीवर त्यांच्या नावाची बाग आहे. तिथे रोज फिरायला येणाऱ्यांना विचारून पाहा, हे बाप्टिस्टा कोण. फार थोडे सांगू शकतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काका होमरूलच्या धामधुमीत होते, त्याच सुमारास त्यांच्या शिक्षकांच्या मिशनवर संकट कोसळलं. पहिलं महायुद्ध पेटलं आणि जर्मन फादर रातोरात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना नजरकैदेत ठेवलं गेलं. १९१५-१६मध्ये ‘गोलकोंडा’ जहाजातून देशभरच्या जर्मन मिशनऱ्यांना युरोपला परत पाठवण्यात आलं. त्यात मुंबईचे फादरही होते. अर्धं आयुष्य इथल्या पोरांत घालवलेली ही माणसं. मुंबईचे आर्चबिशप हेर्मान युर्गेन्स स्वतः जर्मन, ते १९१६मध्येच वारले. नवा आर्चबिशप यायला १९१९ उजाडलं. ते अल्बन गुडियर, इंग्रज येशूसंघी. पुढे स्पेनमधून फादर आले, मग हळूहळू आपल्याकडचे.

इतक्या उलथापालथीत शाळा टिकली ती मुलांमुळे, असं मला वाटतं. माझगाव, भायखळा, डोंगरी, सगळीकडची मुलं. पारशी, बोहरी, गोवेकर, ईस्ट इंडियन, आमच्यासारखी कोकणातून आलेली. जगभर गाजलेले वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता इथलेच. आमच्या वेळी कॅथलिक मुलं कॅटेकिझमला जायची आणि बाकी आम्ही मॉरल सायन्सला बसायचो. तास संपला की दोन्हीकडची पोरं मैदानावर एक व्हायची. १९७६मध्ये शालेय क्रिकेटच्या जाइल्स शील्ड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आम्ही माटुंग्याच्या डॉन बॉस्कोला हरवलं. त्यांच्याकडे रवी शास्त्री, आमच्याकडे शिशिर हट्टंगडी. पुढच्याच वर्षी शास्त्रीच्या कप्तानीखाली त्यांनी ती ढाल पहिल्यांदा जिंकली. डॉन बॉस्कोवाले अजूनही त्या दुसऱ्या वर्षाचंच बोलतात, आणि आम्ही पहिल्याचं.