थंडी बदनाम, मीठपाणी मोकाट

कोलोरॅडोत जानेवारीतल्या संध्याकाळी महामार्गावरून आलेली गाडी घराच्या गॅरेजात शिरते, तेव्हा मडगार्डच्या आत राखाडी बर्फाचे गड्डे चिकटलेले असतात. तासाभरात ते सुटून पडतात, वितळतात आणि चाकांखाली मळकट पाण्याचं थारोळं साचतं. हे पाणी साधं नसतं. राज्याचं वाहतूक खातं १९९०च्या दशकापासून रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण फवारत आलं आहे. हे द्रव्य हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे थारोळं आटल्यासारखं दिसलं तरी डाग ओलसरच राहतो. गॅरेजच्या जमिनीला लेप हवा तो या थारोळ्यापासून बचाव म्हणून. पण डेन्व्हरकडे नवं घर घेतलेल्या आपल्या मंडळींची चर्चा रंगते ती फ्लेक्सचा, म्हणजे लेपावर शिंपडायच्या रंगीत चकत्यांचा, रंग कोणता नि चकाकी किती, यावरच. मग दुसऱ्या हिवाळ्यात पोपडे सुटले की दोष थंडीला.

थंडीचा दोष त्यात थोडा. कोरडं काँक्रीट कडाक्याच्या गारठ्यातही निवांत असतं. घात करतं ते त्याच्या छिद्रांत मुरलेलं पाणी. पाण्याचा बर्फ होताना आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं. छिद्रं नऊ-दशांशाहून जास्त भरलेली असली तर बर्फाला फुगायला जागाच उरत नाही आणि वरचा पापुद्रा खपलीसारखा निघतो. ही छिद्रं सतत भरलेली ठेवण्याचं काम मीठ करतं. त्यातही गंमत अशी, की जितकं खारट पाणी तितकं नुकसान, हा हिशेब इथे चुकतो. खपल्या सगळ्यांत जास्त निघतात त्या साधारण ३ टक्क्यांच्या सौम्य मीठपाण्यात, म्हणजे गाडीवरून गळून बर्फात पातळ झालेल्या पाण्यासारख्याच पाण्यात. भर म्हणून रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावर चिनूक वारा येतो. दुपारी शर्टवर फिरावं असं ऊन आणि रात्री पुन्हा गोठण. एकाच आठवड्यात जमिनीतलं पाणी कितीदा तरी गोठतं आणि वितळतं.

‘नव्या घराचं काँक्रीट थंड प्रदेशासाठीच बनवलेलं असतं, त्याला काय होणार?’ हा एक दिलासा. तो अर्धाच खरा. १९३०च्या दशकात अमेरिकेत असं लक्षात आलं, की काँक्रीटमध्ये अतिसूक्ष्म हवेचे बुडबुडे मिसळले तर फुगणाऱ्या बर्फाला त्यांत जागा मिळते. तेव्हापासून उघड्यावरच्या काँक्रीटमध्ये ५ ते ७ टक्के हवा ठेवायची पद्धत आहे. पण गॅरेजची जमीन पोलादी थापीनं गुळगुळीत घोटायची असते, आणि हवा जास्त असलेलं काँक्रीट असं घोटलं की वरच्या कातडीखाली फोड येतात. म्हणून अमेरिकी घरबांधणी संहितेतही घोटलेल्या गॅरेज-जमिनीसाठी हवा ३ टक्क्यांपर्यंत उतरवायची सवलत आहे. मात्र त्या बदल्यात काँक्रीटची मजबुती किमान ४,००० पीएसआय हवी. थोडक्यात, गॅरेजच्या वाट्याला रस्त्याचं मीठपाणी येतं, पण अंगणातल्या काँक्रीटचं पुरतं चिलखत येतंच असं नाही.

मॅग्नेशियम क्लोराइड साध्या मिठापेक्षा काँक्रीटला सौम्य, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. झाडांच्या किंवा गाडीच्या पत्र्याच्या बाजूनं काय वाद घालायचा तो घाला, पण काँक्रीटपुरतं बोलायचं तर मॅग्नेशियम सिमेंटच्या मूळ बंधकातल्या कॅल्शियमची जागा घेतं, आणि त्यातून तयार होणाऱ्या पदार्थात धरून ठेवायची ताकद नसते. साधं मीठ असा रासायनिक उपद्व्याप सहसा करत नाही.

आता लेपाकडे. तो बहुधा इपॉक्सीचा असतो. इपॉक्सी म्हणजे जाडसर ऑइलपेंट, ही समजूत सगळ्यांत महागात पडते. इपॉक्सी वाळत नाही. रेझिन आणि हार्डनर यांची रासायनिक क्रिया होऊन ती घट्ट होते. आपल्याकडे दोन ट्यूबांतल्या अ‍ॅराल्डाइटनं कपाचा कान चिकटवलेला असतो, ते रसायन याच कुळातलं. कप तेलकट असेल तर कान चिकटत नाही, हेही सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. जमिनीचं तसंच. दुकानातल्या घरगुती किटचा सुकलेला थर बहुधा ३ मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास भरतो, म्हणजे कागदाहूनही पातळ. कारागिरांचा फ्लेक्सवाला पूर्ण थर २० मिलच्या पुढे जातो. तरीही जाडीपेक्षा महत्त्वाचं असतं ते खालचं घासकाम.

पोपडा सुटला की तो फेकू नका, उलटा करून पाहा. पाठीवर राखाडी पिठूळ थर चिकटून आला असेल, तर इपॉक्सीनं आपलं काम केलं होतं. पण तिनं धरलं ते घोटताना वर आलेल्या सिमेंटच्या कमकुवत सायीला, आणि ती सायच उखडली. पाठ स्वच्छ, आरशासारखी निघाली तर मुळात पकडच बसली नव्हती. तिथे तेल होतं, ओल होती किंवा जमीन काचेसारखी गुळगुळीत होती. चाकांच्या जागीच पोपडे निघतात, त्यात गरम टायरचा हात असतोच: महामार्गावरून तापून आलेलं टायर लेपाला चिकटतं, निवताना आकसतं आणि कच्ची पकड उचकटून काढतं. पण पकड पक्की असेल तर टायर काही वाकडं करू शकत नाही.

म्हणूनच किटमधल्या सौम्य आम्लानं धुणं आणि डायमंड ग्राइंडर किंवा शॉट ब्लास्टिंगनं घासणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आम्ल पृष्ठभाग जेमतेम खरवडतं, नीट धुतलं नाही तर क्षार मागे ठेवतं, वर जमीन ओली करतं ती वेगळीच. काँक्रीट-दुरुस्तीच्या क्षेत्रात खरबरीतपणाची १ ते १० अशी मोजपट्टी आहे. पातळ लेपाला २ ते ३ लागतो. हाताला बारीक सँडपेपरसारखं लागलं पाहिजे, आणि पाण्याचा थेंब टाकला तर मोत्यासारखा न बसता मुरला पाहिजे. ‘घासायची गरज नाही, आमचं रसायन खोलवर शिरतं’ असं सांगणाऱ्या कंत्राटदाराला चहा पाजून निरोप द्यावा, असं माझं मत आहे.

‘आज बाहेर पंधरा अंश आहेत, आजच लावून टाकू.’ मार्चमधला हा मोह. हवा तापते झटकन, जमीन तापत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर जमिनीवर रोखला तर दरवाज्याजवळ आणि आतल्या कोपऱ्यात आकडे वेगळे निघतात, आणि दोन्ही हवेपेक्षा पुष्कळ खाली. बहुतेक इपॉक्सींना जमीन किमान १० अंश सेल्सियस लागते. त्याखाली क्रिया रेंगाळते. शिवाय जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारं दव लेपाखाली अडकतं. यावर उपाय म्हणून कोणी धुराड्याशिवायचा प्रोपेन किंवा केरोसीन हीटर लावतं, तो तर उलटाच फसतो. जळण्यातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, हार्डनरमधलं अमाइन त्यांच्याशी जुळतं आणि वर मेणचट थर धरतो. त्यावर दुसरा हात बसत नाही. तापवायचंच असेल तर विजेच्या हीटरनं, आणि आदल्या दिवसापासून. पहिला हात दुपार उतरल्यावर द्यावा: जमीन तापत असताना छिद्रांतली हवा वर येते आणि लेपात टाचणीएवढी भोकं पाडते. अमेरिकी गॅरेजात पाणी तापवायचा गॅसचा बंबही पुष्कळदा असतो. लेपातल्या सॉल्व्हंटची ज्वालाग्राही वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. तेव्हा डबा उघडण्याआधी बंबाची ज्योत बंद.

या सगळ्यावर पॉलिअ‍ॅस्पार्टिक हा रामबाण म्हणून विकला जातो. बायर कंपनीनं १९९०च्या दशकात पुढे आणलेलं हे रसायन खरंच थंडीत जमतं आणि उन्हात पिवळं पडत नाही. हा दुसरा गुण डोंगरात मोलाचा, कारण दर हजार मीटरला अतिनील किरणं १० टक्क्यांच्या आसपास वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परतवतो. डेन्व्हर १,६०९ मीटरवर, लेडव्हिल तर ३,००० मीटरच्याही वर. उघड्या दरवाज्यातून अंगणातल्या बर्फाची तिरीप आत येते तेवढा पट्टा साध्या इपॉक्सीवर पिवळट होतो. पण पॉलिअ‍ॅस्पार्टिकची घाई हाच त्याचा दोषही आहे. मिसळल्यावर काही मिनिटांत घट्ट व्हायला लागतं, छिद्रांत उतरायला त्याला सवड कमी मिळते, आणि नवशिक्याच्या हातून रोलरचे पट्टे कायमचे उमटतात. खाली सावकाश भिनणारी इपॉक्सी, वर पॉलिअ‍ॅस्पार्टिक, ही जोडी मला जास्त पटते; त्यासाठी एका दिवसात काम उरकायचा हट्ट सोडावा लागतो.

‘इथली हवा एवढी कोरडी, जमिनीत ओल कुठून असणार?’ उलट कोरडी हवाच खालची वाफ वर ओढते. वसंतात बर्फ वितळला की घराभोवतीची माती तुडुंब होते, आणि लेपानं वाट अडवली की ती वाफ फोड काढते. साधी चाचणी अशी: साधारण ४५ सेंटिमीटर चौरस जाड प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटवून किमान सोळा तास ठेवायचं. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळवंडलं, तर थांबायचं. पण ही चाचणी ढोबळच. भिंतीलगत लोणा दिसत असेल तर भोक पाडून खोलवरची आर्द्रता मोजून घ्यावी.

भेगांबद्दल थोडक्यात. रॉकीच्या पायथ्याशी बेंटोनाइटची फुगणारी माती आहे. ती हलली की जमीन हलते आणि लेपालाही त्याच रेषेत तडा जातो. लेप जमीन सांधत नाही. काँक्रीटमधले मुद्दाम सोडलेले चर लवचीक पदार्थानं भरावेत, कडक इपॉक्सीनं बुजवू नयेत.

चकाकी आणि बर्फाचं पाणी एकत्र आली की पाय घसरतो. फ्लेक्सनं थोडा फरक पडतो. खरी पकड येते ती वरच्या हातात मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक खड्यांनी. झाडताना कचरा किंचित अडकतो, तो अडकू द्यावा.

आणि ज्यांना रंग, फ्लेक्स, चकाकी यांतलं काहीच नको, त्यांनी लेप घ्यायलाच पाहिजे असं नाही. सिलेन-सिलॉक्सेनचा भिनणारा सीलर छिद्रांच्या भिंतींना पाणी झटकायला लावतो आणि वाफ मात्र जाऊ देतो. पापुद्राच नाही, म्हणून पोपडेही नाहीत. तेलाचे डाग तो अडवत नाही आणि काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. पण मीठपाण्याच्या थारोळ्यापुरतं पाहिलं, तर ओल धरणाऱ्या जमिनीवर महागड्या लेपाआधी त्याचा विचार करावा. हिवाळाभर आठवड्यातून एकदा रबरी वायपरनं पाणी दरवाज्याबाहेर लोटलं, तर लेप असो वा सीलर, दोन्हींचं आयुष्य वाढतं.