विश्लेषण : पोटाची बायोप्सी एकच, मग अहवाल दोन कसे?

पेण-रोह्याचा रुग्ण अलिबाग, पनवेल, मुंबई असा फिरतो. जठराच्या जुनाट सुजेला एका अहवालात ‘सौम्य’, दुसऱ्यात ‘मध्यम’ म्हटलेले असू शकते. चूक कोणाची? बहुधा कोणाचीच नाही.

श्रेणी कशी ठरते?
१९९० ची ‘सिडनी पद्धत’ १९९४ मध्ये ह्यूस्टनला सुधारण्यात आली. हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतू, दोन प्रकारच्या दाहपेशी, ग्रंथींची झीज आणि अस्तराचा आतड्यासारखा बदल या ५ बाबींना सौम्य, मध्यम, तीव्र अशी श्रेणी मिळते. ताडून पाहायला नमुनाचित्रेही आहेत.

मतभेद कुठे?
जंतू आणि आतड्यासारखा बदल ओळखण्यात एकमत जास्त, झीज ठरवण्यात कमी. दाहपेशींची दाटी झाली, की ग्रंथी खरेच घटल्या की नुसत्या दूर सरकल्या, हे सांगणे अवघड जाते. लगतच्या श्रेणींतला फरक शेवटी नजरेवरच ठरतो.

रुग्णाने काय करावे?
झीज किती आणि कुठवर, यावर कर्करोगाची जोखीम आणि पुढची एंडोस्कोपी ठरते. म्हणून जठराच्या ५ ठिकाणांहून तुकडे घेतले का, हे विचारा. दुसरे मत हवे असेल, तर आधी त्याच तुकड्यांच्या काचपट्ट्या आणि ब्लॉक मागून घ्या. नव्या एंडोस्कोपीची गरज पडेलच असे नाही.