यारीखाली उभे राहू नका

आपल्या हिंगोली, औंढा, सेनगाव, कळमनुरी, वसमत भागात क्रेन म्हटले की आधी डोळ्यांसमोर येते ती विहिरीवरची यारी. काठावर इंजिन, पुढे लोखंडी दांडा, तारेचा दोर आणि दोराला दगडमातीची बकेट. वर एक जण इंजिनवर, खाली चार-सहा मजूर. तेव्हा यंत्राचे काम म्हणजे पुण्या-मुंबईचे, आपला काय संबंध, असे म्हणून घरातील मायबहिणींनी हे पान उलटू नये.

दि. 31 जुलै 2023 च्या रात्री ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसविणारे अवजड यंत्र सुमारे शंभर फुटांवरून कोसळले आणि 20 जण ठार झाले. पोटासाठी परप्रांतातून आलेले त्यांत पुष्कळ होते. 5 जून 2025 रोजी तो महामार्ग मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण खुला झाला. एवढे यंत्र अंगावर आल्यावर डोक्यावरची टोपी काय करणार? अशा यंत्राची तपासणी आणि उभारणी ही मालक-ठेकेदारांचीच जबाबदारी. पण रोजच्या कामात मजुराने स्वतः पाहावे असेही पुष्कळ असते.

पहिली गोष्ट, टांगलेल्या ओझ्याखाली थांबायचे नाही. विहिरीत बकेट वर निघाली की खालची मंडळी वेळ वाचवायला तिच्याच खाली दगड गोळा करीत राहतात. बकेट काठावर रिकामी होईपर्यंत हात थांबवून भिंतीला लागून उभे राहावे. बकेट काठाच्या वर भरू नये. वरचा दगडच आधी निसटतो. सकाळी काम सुरू होण्यापूर्वी दोर पाहावा. तुटलेल्या तारांची कुसळे दिसली, दोर चेपला किंवा गंजला असला, तर तो बदलायचा, गाठ मारून चालवायचा नाही. आणि बकेटीत बसून वर-खाली करणे बंद करावे. ती दगडासाठी आहे, माणसासाठी शिडी मागावी.

मोठ्या क्रेनचे एक गुपित आहे. दहा टनांची क्रेन नेहमी दहा टन उचलत नाही. भरलेला हंडा कमरेशी धरला तर पेलतो, हात लांब करून धरला तर पेलत नाही; क्रेनचेही तसेच. दांडा जितका लांब जाईल तितकी ताकद घटते. त्यात आपली काळी जमीन. पावसात ती लोण्यासारखी होते आणि क्रेनचा टेकू आत रुततो. टेकूखाली जाड लाकडी स्लीपर किंवा लोखंडी पत्रे नसतील तर त्या क्रेनपासून दूर राहावे. ओझे हाताने सावरू नये, त्याला दोर बांधून लांबून धरावे. इशारा एकाच माणसाने द्यावा. मात्र ‘थांब’ हा इशारा कोणीही दिला तरी चालकाने थांबलेच पाहिजे.

वर विजेच्या तारा असतील तर दांडा 11 किंवा 33 केव्हीच्या तारेपासून किमान दहा फूट दूर हवा. तारेला न चिकटताही वीज उडी मारते. यंत्रात वीज उतरली तर चालकाने आतच बसावे व बाहेरच्यांनी यंत्राला हात लावू नये. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाणे म्हणजे दुसरे मरण.

पोकलेन वळते तेव्हा तिचा मागचा भाग भिंतीपर्यंत जातो, आणि मागे कोण आहे ते चालकाला दिसत नाही. बायाबापड्या लेकराला टिपरच्या सावलीत निजवतात. सावली थंड असते खरी, पण टिपर केव्हा हलेल याचा नेम नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये जालना जिल्ह्यात जाफराबाद तालुक्यात पुलाच्या कामावर शेडमध्ये झोपलेल्या मजुरांवर टिपरने वाळू ओतली आणि पाच जण दबून मेले. झोपण्याची जागा गाड्यांच्या वाटेपासून दूरच मागावी.

आता कोणी म्हणेल, मुकादमाला नाही म्हटले तर हजेरी जाते. जाते, एकट्याची जाते. सगळी टोळी काठावर बसली तर मुकादमालाच दोर बदलून आणावा लागतो. चालकाच्या झोपेचाही हिशेब मागावा. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी 1946 साली कारखान्यातील कामाचा आठवडा 54 वरून 48 तासांवर आणण्याचे विधेयक मांडले होते. दिवसभर राबलेला चालक रात्री पुन्हा त्याच क्रेनवर बसत असेल, तर तिच्या आसपास काम करू नये.

आम्ही कारकून माणसे कागदाला फार मानतो, म्हणून शेवटी कागदाचे. वय 18 ते 60 आणि मागील वर्षात बांधकामावर 90 दिवस काम असेल, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. ती करावीच. घरधनी बाहेरगावी कामावर निघाला की ठेकेदाराचे नाव, कामाचे ठिकाण, मुकादमाचा फोन आणि सोबत्यांची नावे घरच्या वहीत लिहून घ्यावीत. आणि काही विपरीत घडलेच, तर मयतीच्या गडबडीत ठेकेदाराने पुढे केलेल्या कागदावर अंगठा देऊ नये. आधी पोलिसांत नोंद करावी, मग तालुक्याच्या ठिकाणी जाणत्या माणसाकडून तो कागद वाचून घ्यावा.