आगमनकाळ : प्रतीक्षेचे चार रविवार आणि मराठी भाषा

भारतीय भाषांतील ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना आपले लक्ष बहुधा सणांकडे जाते. ऋतूंकडे जात नाही. नाताळ सर्वांना ठाऊक असतो. त्याच्या आधीचे तीन-चार आठवडे मात्र, कॅथलिक धर्मग्रामाच्या बाहेर, कोणाच्या खिजगणतीतही नसतात. वास्तविक कॅथलिक उपासनावर्षाचा आरंभ जानेवारीत होत नाही, नाताळातही होत नाही. तो होतो या आठवड्यांच्या पहिल्या रविवारी. वर्षाची सुरुवात प्राप्तीने न करता प्रतीक्षेने करावी, ही कल्पना ज्या परंपरेला सुचली तिने त्या प्रतीक्षेसाठी कोणती भाषा घडवली, आणि ती भाषा मराठीत कशी उतरली, याची थोडी उकल करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम कालगणना. २५ डिसेंबरपूर्वीचे चार रविवार ज्यात येतात तो हा काळ. त्याचा पहिला रविवार संत आंद्रेयाच्या सणाच्या, म्हणजे ३० नोव्हेंबरच्या, अगदी लगतचा असतो. त्यामुळे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कोठेही पडतो. नाताळ रविवारी आला तर हा काळ पुरा २८ दिवसांचा होतो. सोमवारी आला तर अवघा २२ दिवसांचा. अशा आखूड वर्षी धर्मग्रामाची मोठी तारांबळ उडते. २०२३ साली तसे झाले होते : २४ डिसेंबरच्या सकाळी चौथ्या रविवारची जांभळ्या वस्त्रांतली मिस्सा, आणि त्याच संध्याकाळी पांढऱ्या वस्त्रांतली नाताळची. प्रतीक्षा आणि पूर्ती यांच्यामध्ये एका दुपारचे अंतर.

इतिहास थोडक्यात सांगता येईल. गॉल प्रांतात संत मार्टिनच्या सणापासून, ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत उपवासाचे दिवस पाळले जात. रोमन परंपरेत चार रविवारांची व्यवस्था पोप पहिला ग्रेगरी (५९०–६०४) याच्या काळाशी सामान्यतः जोडली जाते. मिलान येथील आंब्रोसी उपासनापद्धतीत हा काळ आजही सहा आठवड्यांचा आहे. लॅटिन ‘आद्वेन्तुस’ हा मूळचा दरबारी शब्द. सम्राटाने एखाद्या नगरात समारंभपूर्वक प्रवेश करणे, असा त्याचा एक रूढ अर्थ होता. राजाच्या स्वारीचा शब्द गोठ्यात जन्मलेल्या बालकासाठी वापरण्यात जो विरोधाभास आहे, तो पुढे नित्य वापराने झिजून गेला.

मराठीत या काळाला ‘आगमनकाळ’ म्हणतात. हिंदीतही ‘आगमन काल’. तमिळ कॅथलिक ‘तिरुवरुगैक्कालम्’ म्हणतात. येण्याच्या क्रियेला त्यांनी पावित्र्याचे विशेषण जोडले आहे. केरळातील सिरो-मलबार ख्रिस्ती लोकांचे नाव मात्र वेगळ्या कुळातले आहे. पौर्वात्य सिरियाई परंपरेत हा ‘सुबारा’चा, म्हणजे शुभवर्तमानाचा, काळ; मल्याळममध्ये तो ‘मंगलवार्ताकालम्’ झाला. देवदूताने मरियेला दिलेली वार्ता हा त्याचा केंद्रबिंदू. त्याच दिवसांत तेथे पंचवीस दिवसांचा नोंबु, म्हणजे व्रतस्थ वर्ज्यकाळ, पाळण्याची जुनी रीत आहे. एकाच देशातील एकाच धर्माचे लोक एकाच डिसेंबर महिन्याकडे पाहतात, तेव्हा काहींची दृष्टी येणाऱ्यावर असते, काहींची निरोपावर. हा फरक केवळ भाषांतराचा नव्हे. तो उपासनेच्या दोन स्वतंत्र वारशांचा आहे, आणि तौलनिक अभ्यासकांनी त्याकडे अधिक लक्ष द्यावे असा आहे.

मराठी शब्दाकडे परत येऊ. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या बोलण्यातील धर्मविषयक शब्द पाहिले तर त्यांत पोर्तुगीज आणि लॅटिन मुळाचे शब्द पदोपदी भेटतात. ‘नाताळ’ पोर्तुगीज, ‘पाद्री’ पोर्तुगीज, ‘मिस्सा’ही त्याच वाटेने आलेली. हे शब्द लोकांच्या तोंडी इतके मुरले की आज त्यांचे परकेपण कोणाला जाणवत नाही. ‘आगमनकाळ’ मात्र स्वच्छ संस्कृत घडणीचा, ग्रंथातून उतरलेला शब्द. असे का व्हावे? माझ्या मते याचे कारण असे की सण लोकांचा होता आणि काळ वेदीचा होता. नाताळ अंगणात, स्वयंपाकघरात, शेजारधर्मात साजरा होत असे; त्याला लोकांनी आपल्या जिभेवरचे नाव दिले. आगमनकाळाची प्रार्थना, वाचने आणि अंतर्गीते मात्र लॅटिनमध्ये, धर्मगुरूच्या ओठांवर राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेसंबंधीचे संविधान ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसृत केले आणि देशी भाषांना वेदीचा दरवाजा उघडला. ती तारीखही आगमनकाळातलीच. सुधारित मिस्साग्रंथ अमलात येण्याची तारीख ३० नोव्हेंबर १९६९ ठरली. तो त्या वर्षीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार होता. म्हणजे मराठी ही ज्या नव्या उपासनेची भाषा झाली तिचे वर्ष याच काळाने सुरू झाले. वेदीवरून खाली आलेल्या या काळाला तेव्हा प्रमाण मराठीचे नाव मिळाले, यात आश्चर्य नाही.

नव्या व्यवस्थेत रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात बांधली आहेत. पण त्यांचा क्रम दरवर्षी एकच. पहिल्या रविवारी जागे राहण्याचा इशारा. येथे विषय बेथलेहेमचा नसून ख्रिस्ताच्या अंतिम पुनरागमनाचा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान, चौथ्या रविवारी मरिया. या सर्वांच्या पाठीमागे जुन्या करारातील यशयाचा घनगंभीर स्वर. १७ डिसेंबरपासून दृष्टी प्रत्यक्ष जन्माकडे वळते आणि २३ तारखेपर्यंत सायंप्रार्थनेत सात प्राचीन अंतर्गीते म्हटली जातात. प्रत्येकात येणाऱ्याला एकेका नावाने हाक मारलेली असते : प्रज्ञा, प्रभू, इशायाचे मूळ, दाविदाची किल्ली, उदय, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. या लॅटिन नावांची आद्याक्षरे उलट क्रमाने वाचली की ‘एरो क्रास’ असे वाक्य तयार होते. त्याचा अर्थ ‘उद्या मी असेन’. आपल्याकडे नामस्मरणाची आणि अक्षरबंधाची परंपरा इतकी समृद्ध आहे की या रचनेचे मर्म मराठी वाचकाला समजावून सांगावे लागू नये. तथापि भाषांतरात नावे उतरतात, अक्षरांचा हा खेळ उतरत नाही.

धर्मग्रामाच्या नित्य जीवनात या काळाची ओळख डोळ्यांना आधी पटते. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी होतात. तिसऱ्या रविवारी, आनंदाचा रविवार म्हणून, गुलाबी वस्त्रे वापरण्याची मुभा असते. ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत मिस्सेतून वगळले जाते, कारण ते देवदूतांचे गीत नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवायचे असते. ‘आलेलुया’ मात्र चालू राहते, म्हणून हा काळ उपवासकाळाइतका कठोर नव्हे. वेदीपाशी हिरव्या वेलपानांचे कडे ठेवून त्यात दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्या लावतात. ही प्रथा पुष्कळांना प्राचीन वाटते. ती मूळची कॅथलिकही नाही. हाम्बुर्ग येथे योहान हिन्रिख विखर्न या लूथरपंथी धर्मसेवकाने १८३९ मध्ये अनाथ मुलांसाठी ती सुरू केली. मुले रोज विचारीत, नाताळ केव्हा? त्यांना दिवस मोजता यावेत म्हणून त्याने चाकावर मेणबत्त्या लावल्या. विसाव्या शतकात कॅथलिकांनी ती उचलली. कोकणपट्टीत फरची झाडे कोठून असणार? हाताशी येईल त्या हिरवळीचे कडे केले जाते.

विवाहाविषयीचा जुना नियमही येथे सांगण्याजोगा आहे. ट्रेंट परिषदेच्या काळापासून आगमनकाळारंभापासून प्रकटीकरणाच्या सणापर्यंत समारंभपूर्वक विवाह वर्ज्य मानले जात. चातुर्मासाची आठवण करून देणारा हा नियम. गंमत अशी की तुळशीच्या लग्नानंतर हिंदू पंचांगात लग्नसराई उघडते, आणि तिला जेमतेम काही दिवस लोटतात तोच शेजारच्या ख्रिस्ती पंचांगात ती मिटत असे.

आता साहित्याकडे. ख्रिस्तपुराणाचा उल्लेख केल्याशिवाय या विषयाला पूर्णता नाही. पण तो उल्लेख ज्या रीतीने नेहमी होतो त्याविषयी माझी तक्रार आहे. जेझुईट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचा हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ १६१६ साली सासष्टीतील राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. आपल्या पाठ्यपुस्तकांनी आणि वाङ्मयेतिहासांनी त्यातून मराठी भाषेच्या गौरवाच्या मोजक्या ओव्या उचलल्या आणि उरलेला ग्रंथ जवळजवळ अस्पर्शित ठेवला. परदेशी माणसाने आपल्या भाषेची स्तुती केली, याचेच आपल्याला अप्रूप. परंतु ग्रंथाचे मूळ पोर्तुगीज शीर्षक पाहा : ‘आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचे प्रवचन’, असा त्याचा अर्थ. ‘पुराण’ ही ओळख नंतर रूढ झाली. कवीने स्वतः योजलेला विषय ‘येणे’ हाच आहे. ग्रंथाचे दोन भाग आहेत आणि त्यांतील संपूर्ण पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतच्या जुन्या कराराच्या कथेला दिलेले आहे. नायक रंगमंचावर येण्यापूर्वी कवी श्रोत्याला हजारो ओव्या थांबवून ठेवतो. कथानकाच्या दृष्टीने हा पसारा वाटेल. आगमनकाळाच्या दृष्टीने पाहिले तर तीच ग्रंथाची रचनातत्त्वे आहेत. पहिले पुराण प्रस्तावना म्हणून ओलांडून जाणे म्हणजे प्रतीक्षेशिवाय नाताळ मागणे होय.

हा ग्रंथ रविवारी आणि सणावारी मिस्सेनंतर चर्चमध्ये मोठ्याने वाचला जात असे. नवदीक्षितांची जुनी पुराणे त्यांच्यापासून दुरावली होती; त्या रिकाम्या जागी श्रवणाचे काही हवे होते. १६८४ मध्ये व्हाइसरॉय आल्व्होरच्या काउंटने देशी भाषेऐवजी पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, आणि अशा परंपरांच्या पायाखालची जमीन गोव्यात सरकली. गोव्यातून दक्षिणेकडे कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या कॅथलिक कुटुंबांनी मात्र ख्रिस्तपुराण जतन केले. १९०७ मधील जे. एल. साल्ढाणा यांची आवृत्ती मंगळूरला निघाली ती काही योगायोगाने नव्हे. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ची. चाळीस वर्षे गोव्यात राबलेला हा कवी भाषेच्या बाबतीत मोठा जाणता होता : प्रश्नोत्तरी धर्मशिक्षणाची पोथी त्याने कोंकणीत लिहिली, ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेली, पुराणासाठी मात्र त्याने मराठी निवडली. शिकवण घरच्या बोलीत, श्रवण ग्रंथभाषेत.

हीच विभागणी आजच्या वसईत दिसते. तेथील कॅथलिकांच्या घरात कादोडी, वाडवळी किंवा कोळी बोली नांदते. वेदीवरून प्रमाण मराठी ऐकू येते. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. यशयाचा स्वर आजच्या मराठीत कसा ऐकू यावा, हा प्रश्न अशा माणसांनी आयुष्यभर हाताळला. तो सुटला असे मला वाटत नाही. प्रमाण मराठीत आगमनकाळ समजतो. पण आजीने नातवाला ‘तो येणार आहे’ हे ज्या बोलीत सांगितले असेल, त्या बोलीतील प्रतीक्षेचे शब्द अजून फारसे नोंदले गेलेले नाहीत. ते बोलणारी पिढी थकत चालली आहे. हे काम धर्मशास्त्राचे नव्हे, आपले, भाषांच्या अभ्यासकांचे आहे.

शब्दांवाचून चालणारी प्रतीक्षाही असते. गोव्यातील अनेक घरांत नाताळच्या गोठ्यासाठी डिसेंबरात आधीच लहान पसरट भांड्यांत माती घालून नाचणी किंवा गहू पेरतात. नवरात्रात घटाभोवती धान्य रुजवणाऱ्या शेजाऱ्यांना ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. रोज पाणी शिंपडायचे, कोंब किती वर आला ते पाहायचे. पेरणीचा हिशेब चुकला तर सणाच्या दिवशी एकतर माती दिसते किंवा पिवळी पडलेली पाती. हिशेब जमला तर गोठ्याभोवती हिरवे शेत उभे राहते. मेंढपाळ, मेंढरे, मरिया आणि योसेफ त्यात आपापल्या जागी बसतात. गव्हाण तेवढी मध्यरात्रीच्या मिस्सेपर्यंत रिकामी ठेवलेली असते.