दुसऱ्या छापातलं पान

निर्गुडीचं पान प्लेटवरच्या रंगावर ठेवून वर कागद दाबला, की पहिल्या छापात पान उमटत नाही. त्याची रिकामी जागा तेवढी उमटते. पान चिमट्याने उचलून उरलेल्या रंगावर दुसरा कागद दाबला, की शिरा, देठाचा बाक, अळीने पाडलेलं भोक, सगळं दिसू लागतं. मोनोप्रिंट करणारे या दुसऱ्या छापाला ‘घोस्ट’ म्हणतात. नवशिके पहिल्याच छापावर खूश होऊन प्लेट पुसतात आणि खरा ऐवज फडक्याला लागतो.

एका वेळी एकच चित्र देणारी ही छपाई 1640च्या दशकात जिनोआच्या जोव्हान्नी बेनेदेत्तो कास्तिल्योने याने सुरू केली, असं मानतात. पुढे एदगार देगाने फिका दुसरा छाप काढून त्यावर पेस्टलने रंगवायला सुरुवात केली. या दोघांची प्लेट सहसा धातूची असे. आता घरोघरी जिलेटिनची प्लेट वापरतात. ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात जिलेटिन विरघळवायचं, मंद आचेवर गरम करायचं, पसरट ट्रेमध्ये ओतायचं आणि वरचे बुडबुडे कागदाच्या पट्टीने ओढून घ्यायचे. खरवसासारखी थरथरणारी वडी तयार होते. ग्लिसरीनमुळे ती लवकर नासत नाही, आणि चिरा पडल्या तर वितळवून पुन्हा ओतता येते. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं, म्हणून अनेक घरांत त्याचं पातेलं वेगळं ठेवावं लागतं. चायना ग्रासने सोवळं सांभाळलं जातं, पण ती प्लेट ठिसूळ निघते.

रोलरने अ‍ॅक्रिलिक रंगाचा थर द्यायचा तो पातळच. पानाची मागची, म्हणजे उठावदार शिरांची बाजू रंगाकडे करून ठेवायची. रसाळ पानं आधी रद्दीत दाबून घ्यावीत, नाहीतर पाणी सुटून रंग पसरतो. नेचे, शेवग्याची डहाळी, गवताचे तुरे उत्तम. वडाचं जून पान जाड, त्याच्याभोवती कागद टेकतच नाही. बाभळीच्या वाटेला जाऊ नये, काटा प्लेट फाडतो. विदर्भातल्या मे महिन्यात तर दुसरा कागद हाती येईपर्यंत रंग वाळलेला असतो.

पानाने स्वतःच स्वतःचं चित्र काढावं, ही हौस जुनी. 1730च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिनने अमेरिकेतल्या वसाहतींच्या नोटांवर खऱ्या पानांचे ठसे छापले. पानातलं शिरांचं जाळं हाताने हुबेहूब कोरणं नकली नोटा करणाऱ्यांना जमणारं नव्हतं. व्हिएन्नाच्या शाही छापखान्यात आलोइस आउअरने वनस्पती मऊ शिशात दाबून तो ठसा तांब्यात उतरवण्याची रीत बसवली. तिथे शिकून गेलेल्या हेन्री ब्रॅडबरीने 1853मध्ये इंग्लंडात तिचं पेटंट स्वतःच्या नावावर घेतलं, यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. पण त्याच ब्रॅडबरीने 1855मध्ये ब्रिटनमधल्या नेच्यांचा जो ग्रंथ छापला, त्याची पानं बघताना भांडण विसरायला होतं.

पक्षी मात्र असा प्लेटवर येऊन बसत नाही. तो कापावा लागतो, म्हणजे आधी नीट पाहावा लागतो. जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर कटरने आकार कापला की दोन वस्तू हाती येतात: सुटलेला पक्षी आणि पक्ष्याच्या आकाराचं भोक असलेली चौकट. पहिला रंग अडवतो, दुसरी तेवढ्याच जागेत रंग जाऊ देते. आत डोळा नाही, पिसं नाहीत, ओळख बाह्यरेषेवर. शिपाई बुलबुलाचा टोकदार तुरा, वेड्या राघूची शेपटीतून निघालेली तार, यांत अर्धा सेंटिमीटर चुकला की नुसती ‘चिमणी’ उरते. चौकटीतून नेच्याचा घोस्ट काढून पक्ष्याच्या पोटात नेचे भरायची टूम सध्या फार आहे. असले पक्षी उशीच्या अभ्र्यावर शोभतात.

माझ्या मते पहिला प्रश्न मापाचा. पान कागदावर येतं ते खऱ्या आकारात. मग शेजारचा पक्षीही खऱ्या मापाचा का नसावा? शिंपी साधारण 13 सेंटिमीटरचा, जांभळा शिंजीर 10 सेंटिमीटरचा. दोघे ए-फोर कागदावर डहाळीसकट ऐसपैस बसतात. कोतवाल शेपटीसह 30 सेंटिमीटरच्या घरात जातो, आणि कागदाची लांब बाजू 29.7. त्याला लहान करू नये. दुभंगलेली शेपटी आणि पाठीचा थोडा भाग कागदाच्या कडेतून आत घ्यावा, बाकीचा बाहेर राहू द्यावा. फिके रंग आणि पानांचे घोस्ट आधी छापून वाळवावेत; कोतवालाचा काळा थर सगळ्यात शेवटी.