एक मशीन, दोन सिस्टीम

सकाळी ८.३०
घाटकोपर मेट्रो. एक्स-रे मशीनमधून पिशवी गेली की पडद्यासमोर बसलेला माणूस हमखास मान वर करतो. आत ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, एक एसएसडी आणि केबलींचं भेंडोळं. २०१४ साली ही लाइन सुरू होण्याआधी अंधेरीला जायचं म्हणजे दादरला गाडी बदला, नाहीतर साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये उभे राहा. आता पिशवी मांडीवर घेऊन थेट वर्सोवा.

डिस्क काल लॅमिंग्टन रोडवरून आणल्या. घेताना दोन गोष्टी बघतो. एक, सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी खरी आहे का. दुसरी, डिस्क सीएमआर आहे की एसएमआर. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे सलग मोठं लिखाण सुरू झालं की काही वेळाने ती हळू पडते. दुकानदार आपणहून हे सांगत नाही, विचारावं लागतं.

९.४५
वर्सोव्यात आराम नगरजवळच्या गल्लीत दोन खोल्यांचा एडिटिंग सेटअप. बाहेर ऑडिशनला आलेल्या पोरांची रांग. एडिटर मॅडमची मागणी फोनवरच ठरली होती. प्रीमियर विंडोजवर चालणार, ब्लेंडरचं रेंडर लिनक्सवर, आणि दोन्हीकडून एकच फुटेज दिसायला हवं. "आणि दादा, फास्ट हवं. रेड झिरो मारून द्या."

"मारतो. पण आधी सांगा, हे फुटेज गेलं तर चालेल का?"

त्या जरा थांबल्या. "कार्डावर असतं ना... आठवडाभर तरी."

मला एवढंच ऐकायचं होतं.

१०.१५
कॅबिनेट उघडलं, आधी ब्लोअर मारला. जोडणी करता करता समजावून सांगितलं. रेड झिरोमध्ये फाइलचे तुकडे पत्ते वाटावेत तसे वाटले जातात, एक या डिस्कला, एक त्या डिस्कला. दोघी एकाच वेळी लिहितात, म्हणून वेग जवळपास दुप्पट. पण एक डिस्क मेली की दुसरीकडे उरतात निम्मे तुकडे, त्यांतून मोठी फाइल उभी राहत नाही. डेटा उडण्याची शक्यताही जवळपास दुप्पट होते. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलीच्या तिघांनी १९८८ साली डिस्कच्या जोडण्यांवर निबंध लिहिला, त्यात रेडच्या एक ते पाच पातळ्या होत्या. शून्य नंतर आली. त्या निबंधाचा सगळा भर डिस्क बिघडली तरी डेटा वाचवण्यावर होता, आणि शून्य नंबरची पातळी काहीच वाचवत नाही.

११.००
आजचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आता, बायोसमध्ये. पट्टे पाडायचे, म्हणजे तुकडे असे वाटायचे, तीन रस्ते. विंडोजच्या आतून पाडले तर लिनक्स कुरकुर करतं. लिनक्सच्या एमडीएडीएमने त्याच्या स्वतःच्या पद्धतीने पाडले तर विंडोजला ते ओळखूच येत नाहीत. तिसरा रस्ता मदरबोर्डच्या इंटेल रेडचा. त्याची खूण डिस्कवरच लिहिलेली असते आणि ती दोन्ही सिस्टीमना वाचता येते. दोन घरांना एकच विहीर हवी असेल तर हाच रस्ता.

हे आधीच ठरवायचं. विंडोज टाकून झाल्यावर बायोसमध्ये एएचसीआयचं रेड केलं की बऱ्याचदा निळा पडदा येतो आणि मशीन उठत नाही. नव्या इंटेल बोर्डांवर व्हीएमडी चालू असेल आणि त्याचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हमध्ये नसेल, तर इन्स्टॉलरला डिस्क दिसतही नाही. म्हणून तो ड्रायव्हर माझ्या पेन ड्राइव्हमध्ये कायम असतो. पट्ट्याचा आकार १२८ केबी ठेवला. मोठ्या व्हिडिओ फाइलींना मोठा पट्टा मानवतो.

दुपारी १२.००
आधी विंडोज, मग लिनक्स. उलटं केलं तर विंडोज बूटच्या यादीत स्वतःला वर बसवतं आणि लिनक्स शोधत बसावं लागतं. एसएसडीचा अर्धा भाग विंडोज ११ ला दिला, उरलेला मोकळा सोडला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे आता त्याचं नाव कोणी काढत नाही. आत शिरल्या शिरल्या फास्ट स्टार्टअप बंद. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं, आणि त्याच पार्टिशनवर लिनक्सने लिहायचा प्रयत्न केला तर फाइली बिघडू शकतात. मग बिटलॉकर बघितलं. ते आपोआप चालू झालेलं असेल, तर बूटमध्ये जरा फेरफार झाला की मशीन ४८ आकडी की मागतं. ती की मॅडमच्या डायरीत लिहून घेतली.

मग जोडी फॉरमॅट केली, एनटीएफएसमध्ये. विंडोजने ७.२७ टीबी दाखवले. "आठ होते ना?" डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या. चोरी कुणी केलेली नाही.

१.३०
खाली टपरीवर वडापाव आणि चहा.

२.१५
उबुंटू. इन्स्टॉलर विचारतो, अख्खी डिस्क पुसू की शेजारी टाकू? इथे घाईत एंटर दाबून सकाळभराचं काम घालवलेली माणसं मला माहीत आहेत. मी पार्टिशन हाताने निवडतो. सिक्युअर बूट चालू असल्यामुळे एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकल्यावर रिस्टार्टला एकदाच निळ्या पडद्यावर पासवर्ड विचारला जातो. तो चुकवला तर ग्राफिक्स कार्ड शोभेला उरतं. एमडीएडीएम टाकलं आणि जोडी एमडी १२६ या नावाने समोर आली. विंडोजमध्ये टाकलेली क्लिप तिथून वाजली.

४.३०
परत विंडोज. कोपऱ्यातल्या घड्याळात सकाळचे अकरा. मॅडम हसल्या. लिनक्सने मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहिली, विंडोजने तीच मुंबईची समजून दाखवली. बरोबर साडेपाच तासांचा फरक. एका कमांडने लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगितलं.

५.१५
फुटेज भरण्याआधी एक प्रयोग मी गिऱ्हाइकासमोरच करतो. चाचणीच्या क्लिप कॉपी केल्या. एकेकटी डिस्क सेकंदाला दोनशे एमबीच्या आसपास देते, जोडीने चारशेच्या जवळ दिले. मॅडम खूश. मग मशीन बंद केलं, एका डिस्कची केबल काढली आणि परत चालू केलं. बायोसमध्ये लाल अक्षरांत 'फेल्ड'. दोन्ही सिस्टीम उठल्या, कारण त्या एसएसडीवर आहेत. पण क्लिपांचा पत्ता नाही.

"सगळंच गेलं?"

"सगळंच. आज केबल आहे, लावली की बहुतेक वेळा परत जुळतं. डिस्क मेली तर नाही जुळत."

त्यांनी लगेच ८ टीबीची बाहेरची डिस्क मागवली. रोज रात्री प्रोजेक्ट आणि फुटेज तिच्यावर उतरेल अशी सोय लावून दिली. यूपीएसचं मात्र पटवावं लागलं नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, तेव्हा त्यांचं रेंडर चालू होतं.

७.००
कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला. कुठल्या पोर्टला कुठली डिस्क, पट्ट्याचा आकार किती, बायोसची बॅटरी बदलली तर कुठलं सेटिंग परत करायचं. पुढचा मेकॅनिक मीच असेन असं नाही.

निघताना मुलुंडहून फोन. एका सीएंच्या ऑफिसात टॅलीचा संगणक, त्यांनाही "तेच रेड झिरो" हवंय, भाच्याने सांगितलंय. टॅलीचा डेटा म्हणजे फार तर काही जीबी. त्याला चारशेचा वेग काय करायचाय? पण ऐन जुलैत, रिटर्न भरायच्या आठवड्यात तो उडाला तर चाळीस अशिलांना तोंड दाखवता येणार नाही. एडिटरच्या जोडीवरचं फुटेज कार्डावरून परत आणता येतं, वर्षभराच्या नोंदी कुठून आणणार? त्यांना सांगितलं, डिस्क दोनच घेऊ, पण रेड वन, दोन्हींवर सारखंच. वर रोजचा बॅकअप. वेग वाढणार नाही, पैसेही तेवढेच लागतील. ते म्हणाले, "मग उद्या दहाला या."