झडपेचा संसर्ग: कोणती तपासणी काय दाखवते?

इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस: हृदयाच्या आतील अस्तराला, बहुधा झडपेला, होणारा जिवाणूंचा (क्वचित बुरशीचा) संसर्ग.

• टूडी इको: पहिली तपासणी, छातीवरून. झडपेला चिकटून रक्ताच्या प्रवाहात फडफडणारा जंतूंचा गोळा, म्हणजे व्हेजिटेशन, दिसतो. बारीक असेल तर निसटतो.

• टीईई: अन्ननलिकेतून केलेली इको. नळी थेट हृदयामागे पोहोचते, म्हणून चित्र स्पष्ट. कृत्रिम झडप असेल तर हीच हवी. गोळा १० मिमीहून मोठा असल्यास तुकडा सुटून मेंदूत जाण्याचा धोका वाढतो.

• इको स्वच्छ, पण संशय कायम? ५ ते ७ दिवसांनी पुन्हा.

• सीटी: झडपेभोवतीचे गळू.

• पेट-सीटी: कृत्रिम झडपेसाठी उपयुक्त, ताज्या शस्त्रक्रियेनंतर फसवी.

• ड्यूक निकष (या संसर्गाचे निदान ठरवण्याचे निकष): १९९४, सुधारणा २००० व २०२३. रक्ताचे कल्चर तिन्ही आवृत्त्यांत आहेच.